वसई-विरारचा पाणीपुरवठा आणि सूर्या नदीचे पाणीवाटप

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहर महानगरपालिका क्षेत्राचा पाणीपुरवठा मुख्यतः सूर्या नदीवर अवलंबून आहे. सूर्या ही वैतरणेची उपनदी होय. तिच्यावरील धामणी धरण मुळात डहाणू, पालघर व विक्रमगड या तालुक्यांतील शेतीला पाणी देण्यासाठी बांधण्यात आले. आज त्याच धरणाच्या साठ्यावर आदिवासी शेतकऱ्यांचे कालवे, तारापूरची औद्योगिक वसाहत, पालघर शहर व त्याच्या आसपासची गावे, वसई-विरार आणि खाडीपलीकडील मीरा-भाईंदर अशा अनेकांचा वाटा आहे. त्यामुळे वसई-विरारची पाणीटंचाई हा एका शहराच्या नळयोजनेचा प्रश्न राहिलेला नाही. एका नदीचे पाणी अनेकांनी कसे वाटून घ्यावे, असे त्याचे स्वरूप झाले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

वसई तालुक्याच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. येथे दरवर्षी साधारणपणे २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै २०१८ मध्ये अतिवृष्टीने नालासोपारा, वसई हा परिसर जलमय होऊन लोहमार्गावर गाड्या अडकून पडल्या होत्या. अशा प्रदेशात पाणीटंचाई असावी ही गोष्ट बाहेरच्या माणसास खरी वाटत नाही. परंतु हा सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, डोंगर आणि समुद्र यांतील अंतर थोडे असल्याने पाणी त्वरित वाहून जाते आणि किनाऱ्यालगत ते साठविण्यास जागा नसते. सूर्येचे पाणी वैतरणेमार्गे विरारच्या उत्तरेकडूनच समुद्रास मिळते, पण तेथे भरतीच्या पाण्याने नदीचे पात्र खारट झालेले असते. म्हणून ते पाणी पुष्कळ वर, खाऱ्या पाण्याच्या टप्प्याबाहेर उचलून नळांनी दक्षिणेकडे आणावे लागते.

कोकण किनाऱ्याची टंचाई मराठवाड्यातील दुष्काळासारखी नसते. मराठवाड्यात पावसानेच ओढ दिलेली असते. कोकणात पाऊस भरपूर पडूनही मार्च ते मे या काळात विहिरी तळ गाठतात. पालघर जिल्ह्याच्या जव्हार, मोखाडा या डोंगराळ तालुक्यांतील अनेक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण याच मोखाड्याच्या परिसरात आहे.

विहिरी, बावखले आणि रहाट

नळ येण्यापूर्वी वसईच्या पश्चिम पट्ट्याचे जीवन विहिरींवर आणि बावखलांवर चालत असे. बावखल म्हणजे वाडीत किंवा घरालगत खोदलेले, विहिरीपेक्षा विस्तृत व उथळ असे गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात वाडीतील पाणी त्यात उतरे, तेथून ते जमिनीत मुरे आणि जवळच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरे. या पाण्यावर केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला यांच्या वाड्या उभ्या राहिल्या. वसईची सुकेळी याच बागायतीची देणगी आहे. विहिरीतून पाणी काढण्यासाठी पोहऱ्यांची माळ लावलेला रहाट असे आणि तो जनावराच्या बळावर फिरविला जाई. सामवेदी, वाडवळ, पाचकळशी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती अशा येथील बहुतेक समाजांच्या आठवणींत रहाटाचा आवाज आहे. याखेरीज निर्मळचे सरोवर, सोपाऱ्याचे चक्रेश्वर तळे यांसारखे सार्वजनिक जलाशयही होते.

बावखलांचे महत्त्व साठवणुकीपुरते नव्हते. किनाऱ्यावरील वालुकामय जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. गायबेन आणि हर्झबर्ग या शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी आढळते. याचाच अर्थ असा की, अतिउपशाने वरची पातळी एक मीटरने खाली गेली, तर खालून खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकते. पावसाचे पाणी जिरवून ही वरची पातळी टिकवून ठेवण्याचे काम बावखल करीत असे. बांधकामासाठी अनेक बावखले बुजविण्यात आली. उरलेली गाळ काढून राखण्याचे प्रयत्न अलीकडच्या काळात स्थानिक तरुणांनी काही गावांत केले आहेत.

टँकरचा काळ

मुंबईत घर घेणे अवघड झाल्यावर १९८० च्या दशकात पश्चिम रेल्वेच्या वसई रोड, नालासोपारा व विरार या स्थानकांभोवती इमारती वेगाने उभ्या राहू लागल्या. इमारती आधी आल्या, पाणी मागाहून यायचे होते. मधल्या काळात रहिवाशांची गरज टँकरने भागविली गेली आणि टँकर भरले गेले ते पश्चिम पट्ट्यातील विहिरींतून. अहोरात्र उपशामुळे विहिरी आटू लागल्या, काही खाऱ्या झाल्या आणि बागायतदारांत असंतोष पसरला. या उपशाविरुद्ध आणि हरित पट्ट्यातील बेसुमार बांधकामांविरुद्ध १९८० च्या दशकाच्या अखेरीस जे आंदोलन उभे राहिले, त्याचे नेतृत्व ‘हरित वसई संरक्षण समिती’ने केले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि पुढे ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) हे या समितीचे प्रमुख होते. १९९० मध्ये शासनाने या परिसरासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती केली.

त्या संघर्षात एकाच तालुक्यातील दोन समूह समोरासमोर आले होते. एकाकडे पाणी होते, पण ते गेले तर शेती जाणार होती. दुसऱ्याकडे घर होते, पण नळ नव्हता. पुढे शहराने तालुक्याबाहेरून पाणी आणले तेव्हा हाच तंटा अधिक मोठ्या क्षेत्रावर पुन्हा उभा राहिला.

स्थानिक धरणे

तालुक्यातील उसगाव धरणातून शहराला प्रतिदिन सुमारे २० दशलक्ष लिटर, पेल्हार धरणातून १० दशलक्ष लिटर आणि विरारजवळील पापडखिंड धरणातून १ दशलक्ष लिटर पाणी मिळण्याची व्यवस्था आहे. लहान नगरपरिषदांच्या काळात हे पाणी मोलाचे होते. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. एवढ्या वस्तीपुढे ३१ दशलक्ष लिटरचा हिशेब फार अपुरा होता.

सूर्या प्रकल्प

सूर्या प्रकल्पाचे मुख्य अंग म्हणजे धामणी येथील मातीचे धरण. त्याची उंची ५९ मीटर, लांबी १,५६३ मीटर आणि एकूण साठवण क्षमता सुमारे २८५ दशलक्ष घनमीटर असून त्यांपैकी सुमारे २७६ दशलक्ष घनमीटर साठा उपयुक्त आहे. धरणाच्या खालच्या बाजूस कवडास येथे उन्नेयी बंधारा आहे. धामणीतून सोडलेले पाणी नदीपात्रातून कवडासला येते आणि तेथून उजव्या व डाव्या तीरावरील कालव्यांत वळविले जाते. दोन्ही ठिकाणी छोटे जलविद्युत संचही आहेत. धामणीच्या पायथ्याचे वीजगृह ६ मेगावॅट क्षमतेचे आहे.

प्रकल्पाचे नियोजित सिंचनक्षेत्र १४,००० हेक्टरहून अधिक आहे. या क्षेत्रातील बहुसंख्य शेतकरी वारली व अन्य आदिवासी जमातींचे आहेत. पावसाळी भाताच्या एकाच पिकावर जगणाऱ्या आणि उरलेले आठ महिने मजुरीसाठी मुंबई-ठाण्याकडे किंवा वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना दुसरे पीक घेता यावे, ही प्रकल्पामागील भूमिका होती. धरणाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या तेही आदिवासीच होते. त्यांपैकी अनेकांचे पुनर्वसन चंद्रनगर, हनुमाननगर या वसाहतींत झाले आणि तेथील सोयींसाठी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले.

शहराकडे वळलेले पाणी

वसई-विरारसाठी सूर्येचे पाणी पालघर तालुक्यातील मासवण येथे उचलले जाते, धुकटन येथील केंद्रात शुद्ध केले जाते आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या बाजूने टाकलेल्या जलवाहिनीने शहरात आणले जाते. या योजनेच्या दोन टप्प्यांतून प्रत्येकी १०० दशलक्ष लिटर पाणी मिळते. स्थानिक धरणे धरून शहराचा दैनंदिन पुरवठा त्यामुळे सुमारे २३० दशलक्ष लिटरपर्यंत पोहोचला. मासवण किंवा धुकटन येथील वीज काही तास गेली, तरी शहरातील पुरवठा विस्कळीत होतो आणि जलवाहिन्या पुन्हा भरेपर्यंत एक-दोन दिवस जातात. वसईकरांना ही दोन गावे प्रत्यक्ष पाहिली नसली तरी ‘पाणी येणार नाही’ या सूचनेतून चांगली परिचित आहेत.

दुसरी व मोठी योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची आहे. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेची क्षमता प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटर असून त्यांपैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरला द्यावयाचे आहेत. कवडास बंधाऱ्याजवळ पाणी उचलून सूर्यानगर येथे शुद्ध करावयाचे आणि जलवाहिनीने दक्षिणेकडे न्यावयाचे, अशी तिची रचना आहे. मार्गात मेंढवण खिंड आणि तुंगारेश्वर येथे बोगदे खोदण्यात आले. तुंगारेश्वरचा बोगदा सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा असून तो अभयारण्याखालून जातो. वसई-विरारसाठीचे पाणी काशिदकोपर येथील जलकुंभात, तर मीरा-भाईंदरसाठीचे चेणे येथे पोहोचावे असे नियोजन होते. यंत्रणा तयार असूनही पाणी सोडले जात नाही, अशी तक्रार करीत २०२३ मध्ये शहरात आंदोलने झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस वसई-विरारला या योजनेचे पाणी मिळू लागले. मीरा-भाईंदरकडील काम वसईच्या खाडीमुळे मागे राहिले. खाडीखालून बोगदा नेण्यासाठी ससूनवघर येथे खोदकाम चालू असताना २९ मे २०२४ रोजी माती कोसळून एक चालक यंत्रासह गाडला गेला.

सिंचन आणि पिण्याचे पाणी

शहरांकडे जाणारे पाणी आले कोठून, हा या विषयाचा गाभा होय. धरणात नवे पाणी निर्माण झालेले नाही. सिंचनासाठी धरलेल्या पाण्याचे आरक्षण टप्प्याटप्प्याने बिगरसिंचन वापराकडे वळले आहे. साधा हिशेब मांडला तरी त्याचे प्रमाण लक्षात येते. वसई-विरारच्या आधीच्या टप्प्यांचे २०० आणि प्रादेशिक योजनेचे ४०३ असे मिळून प्रतिदिन ६०३ दशलक्ष लिटर होतात. नदी वाहती असण्याचे पावसाळी चार महिने सोडून उरलेल्या आठ महिन्यांसाठी ही गरज सुमारे १४५ दशलक्ष घनमीटर भरते, म्हणजे धामणीच्या उपयुक्त साठ्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. बाष्पीभवन, तारापूरचे उद्योग, पालघर व त्याच्या आसपासची गावे यांचा वाटा त्याखेरीज. कालव्यांसाठी काय उरते, याचे उत्तर यातूनच मिळते.

याच कारणास्तव डहाणू-पालघर भागातील आदिवासी आणि शेतकरी संघटनांनी पाणी वळविण्यास विरोध केला. कष्टकरी संघटना, भूमिसेना, आदिवासी एकता परिषद आदी संघटना त्यात पुढे होत्या. मोर्चे निघाले, जलवाहिनीचे काम अडविण्यात आले, न्यायालयातही दाद मागितली गेली. आंदोलकांचे म्हणणे शहरांना तहानलेले ठेवा असे नव्हते. लाभक्षेत्राला ठरलेले पाणी प्रथम द्यावे, अपूर्ण कालवे व वितरिका पूर्ण कराव्यात आणि ज्या गावांतून जलवाहिनी जाते त्यांनाही पिण्याचे पाणी मिळावे, या त्यांच्या मागण्या होत्या. शासकीय बाजूने असे सांगितले जाते की, नियोजित क्षेत्र पूर्णपणे ओलिताखाली आलेच नाही, त्यामुळे शिल्लक राहणारे पाणी शहरांना देणे योग्य ठरते. या युक्तिवादात एक अडचण आहे. क्षेत्र ओलिताखाली न येण्यास कालव्यांची गळती आणि अपूर्ण वितरिका ही कारणे असतील, तर त्याचा तोटा शेतकऱ्याने दोनदा सोसावा असा त्याचा अर्थ होतो.

कायद्याने यावर एक तोडगा सुचविला आहे. सिंचनाचे पाणी बिगरसिंचनाकडे वळविल्यास लाभार्थी संस्थेने सिंचन पुनर्स्थापनेचा खर्च द्यावा आणि त्यातून कमी झालेले सिंचन अन्य मार्गाने भरून काढावे, असे राज्याचे धोरण आहे. लहान बंधारे, शेततळी, कालव्यांचे अस्तरीकरण, उपसा योजना अशी कामे त्यात येऊ शकतात.

निर्णय कोण घेते

धरण जलसंपदा विभागाचे, मोठी जलवाहिनी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, घरोघर वाटप महानगरपालिकेचे, ग्रामीण योजना जिल्हा परिषद आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या, अशी येथील विभागणी आहे. या सर्वांना आणि शेतकऱ्यांना एकत्र बसविणारी सूर्या खोऱ्याची स्वतंत्र संस्था नाही. कालव्यांना पाण्याची आवर्तने केव्हा सोडायची, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. आरक्षणाचे मोठे निर्णय मात्र राज्य पातळीवर होतात. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ अन्वये स्थापन झालेल्या प्राधिकरणाकडे आरंभी क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार होता. २०११ च्या दुरुस्तीने तो राज्य मंत्रिमंडळाकडे गेला. त्याच वर्षी राज्याने प्राधान्यक्रमात शेतीला उद्योगांच्या वर, म्हणजे पिण्याच्या पाण्यानंतर दुसऱ्या स्थानी आणले. सूर्येच्या बाबतीत याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण येथील मोठी मागणी पिण्याच्या पाण्याचीच आहे.

शेजारीच निराळा नमुना उपलब्ध आहे. उल्हास नदीवरील शहाड-टेमघर योजना ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या महानगरपालिका व ठाणे जिल्हा परिषद यांच्या संयुक्त मालकीची आहे. भागीदार संस्था मिळून पाणी उचलतात आणि ठरल्या प्रमाणात वाटून घेतात. या रचनेत शहरे एकमेकांशी सहकार्य करतात, परंतु शेतकरी तिच्यातही भागीदार नाही. तुटीच्या वर्षी पाणी वाटण्याचे राज्यातील सर्वांत ठळक उदाहरण गोदावरीचे आहे. २००५ च्या कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तरतुदीनुसार १९ सप्टेंबर २०१४ रोजी नियमन प्राधिकरणाने दिलेल्या आदेशाप्रमाणे, १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असल्यास नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विचार होतो. तो वाद धरण आणि धरण यांमधील होता. एकाच धरणातील शहर आणि शेत यांचे तुटीच्या वर्षातील प्रमाण ठरविणारे असे सूत्र सूर्येसाठी झालेले नाही.

शहरांतर्गत वाटप

नागरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी प्रतिदिन १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने २३० दशलक्ष लिटर पाणी सुमारे १७ लाख लोकांना, तर प्रादेशिक योजनेसह होणारे सुमारे ४१५ दशलक्ष लिटर पाणी ३० लाख लोकांना पुरावयास हवे. तरीही शहरातील अनेक भागांत दिवसाआड किंवा त्याहूनही विरळ पाणी येते आणि टँकर रस्त्यांवरून हटलेले नाहीत. गळती, अपुरे जलकुंभ, जुन्या व कमी व्यासाच्या अंतर्गत वाहिन्या ही त्याची कारणे आहेत. अनधिकृत इमारतींना नळजोडणी मिळण्यात अडचणी असतात, त्यामुळे तेथील कुटुंबे सर्वांत महाग पाणी विकत घेतात. नळाचे पाणी आणि टँकरचे पाणी यांच्या दरांत मोठी तफावत असल्याने टंचाईचा भार गरिबांवरच अधिक पडतो.

पश्चिम पट्ट्यातील गावांची स्थिती याहून निराळी होती. त्यांच्यासाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची ६९ गावांची पाणीपुरवठा योजना आखण्यात आली. मध्यंतरी त्यांतील बहुतेक गावे महानगरपालिकेत गेली, काही ग्रामपंचायतींत राहिली. योजना कोणी चालवावी, खर्च कोणी उचलावा आणि पाणी कोणत्या आरक्षणातून द्यावे, या प्रश्नांत ती वर्षानुवर्षे रखडली. गावे महानगरपालिकेतून वगळण्याचा वाद त्याच सुमारास न्यायालयात चालू होता. जलवाहिन्या टाकून झालेल्या गावांनाही पाण्याची वाट पाहावी लागली, तेव्हा जुन्या विहिरी आणि उरलेली बावखलेच उपयोगी पडली.

देहरजी प्रकल्प

वाढत्या मागणीसाठी विक्रमगड तालुक्यात वैतरणेच्या खोऱ्यातीलच देहरजी नदीवर मध्यम प्रकल्प उभारण्यात येत आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण त्यासाठी निधी पुरविते आणि कोकण पाटबंधारे विकास महामंडळ बांधकाम करते. त्यातून प्रतिदिन २५५ दशलक्ष लिटर पाणी मिळणे अपेक्षित असून त्यातील सर्वांत मोठा वाटा वसई-विरारचा आहे. धामणीप्रमाणे येथेही बुडिताखाली जाणारी जमीन मुख्यतः आदिवासी शेतकऱ्यांची आणि वनविभागाची आहे. दोन्ही प्रकल्पांत एक फरक आहे. धामणीचे पाणी आधी शेतीच्या नावे धरले गेले आणि मागाहून शहरांकडे गेले, तर देहरजीचे पाणी आरंभापासूनच शहरांसाठी राखून ठेवलेले आहे.